बंड्याने भोपळा खाल्ला!

खाल्ला! लाल भोपळ्याच्या किसातली एक काडी चोचीत धरली, दोनदा झटकली, अर्धी माझ्या चष्म्यावर उडवली आणि उरलेली खाल्ली! सकाळी सव्वासातला मी एवढ्या मोठ्याने ओरडले की नवरा तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आला. त्याला वाटलं, गॅस. ‘‘भोपळा खाल्ला,’’ मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, बंड्याकडे पाहिलं आणि तो परत बेसिनकडे गेला. गेले सात आठवडे याच घरात काढलेल्या माणसाला तरी या वाक्याचं मोल कळायला हवं होतं!

बंड्या म्हणजे आमचा कॉकॅटियल. कूळ ऑस्ट्रेलियातलं, जन्म इथलाच. पिवळट पांढरा रंग, डोक्यावर तुरा आणि गालांवर शेंदराचं बोट टेकवल्यासारखे नारिंगी ठिपके. (आपला हिरवा पोपट पाळता येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्ह्यात मोडतं. प्रत्येक पाहुणा आधी ‘मिठू मिठू म्हणतो का?’ विचारतो, म्हणून हे सांगून सांगून पाठ झालंय.)

दोन वर्षं हा पठ्ठ्या सूर्यफुलाच्या बियांवर जगला आणि मी त्याची वाटी प्रेमाने भरत राहिले. डिसेंबरात तो शिंकायला लागला. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी चोच उघडून आत उजेड टाकला. पोपटांच्या टाळूत एक फट असते, तिच्या कडेने बारीक काटेरी उंचवटे असतात. बंड्याचे झिजून बोथट झाले होते. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाकातोंडाचं अस्तर असं बिघडतं.

‘‘काय खातो?’’

‘‘बिया.’’

‘‘आणखी?’’

‘‘बिस्किट. कधी कधी. म्हणजे, रोज.’’

डॉक्टर काही बोलले नाहीत, त्यानेच जास्त लाज वाटली. सूर्यफुलाच्या गरात जवळजवळ निम्मं तेल असतं. अ जीवनसत्त्व नाहीच म्हणा, कॅल्शियमही जेमतेम. म्हणजे मी त्याला दोन वर्षं रोज भजी वाढत होते! हळूहळू पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणि भाज्यांवर आणा, बिया एकदम तोडू नका, आणि रोज सकाळी उपाशीपोटी वजन करा, असं डॉक्टरांनी बजावलं. पक्षी नव्या अन्नाला अन्न समजतच नाही, भरल्या वाटीपुढे उपाशी राहतो. दहा टक्के वजन उतरलं की प्रयोग थांबवायचा. बंड्या भरला 94 ग्रॅम. माझ्या चपातीच्या कणकेचे दोन गोळे याहून जड असतात. 85 च्या खाली काटा गेला असता, तर मी स्वतःच दवाखान्यात भरती झाले असते.

पहिले पाच आठवडे सांगण्यासारखे नाहीत. गाजर फेकलं. मेथी फेकली. पेलेट पाण्याच्या वाटीत बुडवून मारले. एक गोष्ट मात्र कळली: वाटी भरलेली दिसते तेव्हा ती रिकामी असू शकते! पोपट बी सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. वर फुंकर मारून बघायची. इतकं सोपं, आणि मला दोन वर्षं सुचलं नव्हतं.

मग आली भोगी. सासूबाई सोलापूरकडच्या, त्यामुळे घरात बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी आणि राळ्याचा भात ठरलेला. त्या ताटात राळे निवडत बसल्या होत्या. बंड्या माझ्या खांद्यावरून उतरला, ताटाच्या काठावर चालत गेला आणि टिपायला लागला. तुरा ताठ! मी आत जाऊन दुकानातून आणलेल्या स्प्रे मिलेटचं पाकीट आणलं. ते परदेशी खाद्य मी बक्षीस म्हणून मोजून देत असे. सासूबाईंनी त्यातलं कणीस हातावर चोळलं, दाणे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘अगं, हे राळंच की! वेड लागलंय का तुला?’’

राळं! माझ्या डोक्यात दिवाळी झाली. पिंजऱ्यात टांगलेल्या पांढऱ्या कटलबोनचंही तेच निघालं. तो आपला समुद्रफेस, काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा! मी इंग्रजी नावांमागे धावत होते आणि निम्मा बाजार आमच्या फडताळात होता. अर्थात राळे झाले तरी दाणेच, त्यांच्यावर भागत नाही. पण ताट एक झालं ना! पोपट हा थव्याने खाणारा जीव. थवा जे खातो ते खाण्यासारखं, हा त्याचा हिशेब. त्याचा थवा म्हणजे आम्ही, आणि आम्ही त्याच्यासमोर रोज चहा-बिस्किट खात होतो.

तेव्हापासून सकाळी सातला सासूबाई आणि मी बंड्यासमोर बसून कच्चं गाजर ‘अहाहा’ करत खातो. हसा खुशाल. तिसऱ्या दिवशी तो माझ्या तोंडातलं गाजर ओढायला आला. कोथिंबिरीची ओली जुडी टांगली तर आधी तिच्यात लोळून अंघोळ केली, मग तिचीच पानं कुरतडली. मोडाचे मूग आवडले. भोगीच्या भाजीतला पावटा आणि वाल मात्र कच्चे द्यायचे नाहीत. अॅव्होकाडो आणि चॉकलेट तर पक्ष्याला विषच. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफांनी पक्षी मरतो, हे कळलं त्या संध्याकाळी माळ्यावरून बिडाचा तवा उतरला. डोसे पहिल्या दिवशी चिकटले, आता सुटतात.

आणि मिरची! आजोळच्या पिंजऱ्यातला राघू मिरची खायचा, तेव्हा आम्हा पोरांना तो मोठा शूर वाटायचा. शूर कसला! त्याला ती लागतच नव्हती. आपल्या जिभेवरचा तिखटाचा ग्राही मिरचीतल्या कॅप्सेसिनने पेटतो, पक्ष्यांमधला त्याला दादच देत नाही. 2021 चं नोबेल मिळवणारे डेव्हिड ज्युलियस यांनी एका सहकाऱ्यासोबत हे 2002 मध्ये कोंबडीचा ग्राही तपासून दाखवलं होतं. मी बंड्याला पिकलेली लाल मिरची दिली. त्याने ती फाडली, बिया चघळल्या, आणि मग लाडात येऊन माझ्या ओठाला चोच घासली. अर्धा तास मी ताक पीत होते. तो शीळ घालत होता.

आज सकाळी काटा 95 वर. शिंका थांबल्यात. दुपारी मी खाली शेवग्याच्या झाडाशी उभी होते, कारण कोवळ्या पाल्यात अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल आणि कॅल्शियम दोन्ही. वॉचमनकाकांनी काठीने डहाळी वाकवून दिली.

‘‘एवढ्याशा पाल्यात होईल का भाजी, ताई? किती जणांची?’’

‘‘एकाची,’’ मी म्हटलं. ‘‘95 ग्रॅमच्या माणसाची.’’