नराराच्या ओहोटीत

जामनगरहून खंभाळियाच्या दिशेने निघालं की वाटेत तेलशुद्धीकरणाचे कारखाने लागतात. त्यांच्या टाक्या आणि धुराडी बराच वेळ गाडीची सोबत करतात. वाडीनारजवळ नराराच्या किनाऱ्यासाठी आपण समुद्राकडे वळतो. वन खात्याच्या फाटकावर नाव नोंदवायचं, शुल्क भरायचं, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यायचा आणि जाड तळाचे बूट घालून समुद्रात चालायला लागायचं.

कच्छच्या आखाताचा हा दक्षिण किनारा आणि त्यासमोरची बेटं मिळून १९८२ मध्ये देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. एरवी प्रवाळ बघायचे तर अंदमान नाही तर लक्षद्वीप गाठून पाण्यात शिरावं लागतं. नरारात पाणीच बाजूला होतं. उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो आणि किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला समुद्राचा तळ दूरवर उघडा पडतो. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. सकाळी तिवरांच्या कडेने आम्ही खाली उतरलो तेव्हा समोर चिखल, दगड, शेवाळ आणि मधेमधे साचलेली डबकी एवढंच होतं.

वाटाड्या पन्नाशीचा, लहानपणापासून याच पाण्यात मासेमारी केलेला. तो एकाएकी थांबला. “बेन, धीमे,” म्हणाला आणि त्याने काठी एका कपारीकडे धरली. तपकिरी दगड, त्यावर खरखरीत शेवाळ, कडेला फिकट वाळू. मी पाहत राहिले. मग शेवाळाचा एक भाग श्वास घेतोय असं वाटलं. त्या संथ हालचालीच्या आधाराने आधी एक डोळा सापडला, मग डोकं, मग दगडाखाली मुडपून घेतलेले हात. तळहाताएवढा ऑक्टोपस माझ्या पायापासून हातभर अंतरावर बसला होता. आमची सावली पडताच तो फिकट झाला, अंगावरचे खडबडीत उंचवटे जिरले आणि गुळगुळीत होऊन तो वाळूवरून पलीकडच्या दगडाकडे सरकला. तिथे पोचता पोचता पुन्हा तपकिरी.

ऑक्टोपस इतक्या झटपट रंग बदलतो कारण त्याची सूत्रं थेट मेंदूच्या हातात असतात. त्याच्या कातडीत रंगाच्या लाखो सूक्ष्म पिशव्या असतात. प्रत्येकीभोवती स्नायूंचं कडं, आणि त्या स्नायूंपर्यंत मेंदूकडून आलेले मज्जातंतू. स्नायू आकसले की पिशवी ताणली जाऊन पसरते आणि रंग दिसतो. ते सैल पडले की ती बारीक ठिपका होऊन बसते. कातडीवरचे उंचवटेही स्नायूच उभे करतात. एवढं करणाऱ्या या प्राण्याच्या डोळ्यात मात्र प्रकाश टिपणारं द्रव्य एकाच प्रकारचं असतं, म्हणजे आपल्यासारखे रंग त्याला वेगळे ओळखता येत नसावेत. मग जुळतं कसं? २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की ऑक्टोपसच्या कातडीतही प्रकाश ओळखणारी प्रथिनं असतात. शरीरापासून वेगळा काढलेला कातडीचा तुकडासुद्धा उजेड पडताच रंगाच्या पिशव्या पसरवतो. पण उजेड कळणं म्हणजे रंग कळणं नव्हे. मला रॉजर हॅनलन यांची मांडणी अधिक पटते. माकूळ आणि ऑक्टोपस यांचा अभ्यास करण्यात त्यांनी आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं असं, की हे प्राणी तळाची हुबेहूब नक्कल करत बसत नाहीत. त्यांच्याजवळ मोजकेच नमुने असतात: सगळीकडे सारखा रंग, बारीक चट्टेपट्टे, किंवा शरीराची कडाच मोडून टाकणारे मोठे गडद-फिकट डाग. तळाकडे बघून त्यातला एक निवडायचा. शिकाऱ्याच्या डोळ्याला आकृती जुळवता आली नाही की काम झालं. त्या सकाळी माझ्या डोळ्यांचं हेच झालं होतं.

पुढच्या डबक्यात थोडी वाळू उडाली आणि खाली बसली. आपल्याकडच्या लेप्याच्या जातकुळीतला एक चपटा मासा तिथे होता, अगदी पिल्लू. मेंदूविज्ञानातल्या कामासाठी प्रसिद्ध असलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९६ मध्ये अशाच उष्ण समुद्रातल्या चपट्या माशांना निरनिराळ्या नक्ष्यांवर ठेवून पाहिलं. दोन ते आठ सेकंदांत त्यांच्या अंगावरचे ठिपके खालच्या नक्षीशी जुळत होते. आमच्या पिल्लाला तेवढ्या वेळाचीही गरज पडली नाही, ते वाळूच्या रंगाचंच होतं.

मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती खेकड्यांपाशी. दगडाला टेकलेला चिखलाचा एक गोळा हळूच चालू लागला. तो केसाळ खेकडा. त्याच्या दाट केसांत गाळ अडकतो आणि तोच गाळ त्याला झाकतो. वाटाड्याने एक दगड उचलला तर खाली दुसरा, नखाएवढा, पाठीवर स्पंजाचे आणि शेवाळाचे तुकडे लावलेला. अशा सजणाऱ्या खेकड्यांच्या कवचावर बारीक आकडे असलेले केस असतात. चिमट्याने तुकडा कापायचा आणि त्या आकड्यांत अडकवायचा. कात टाकली की काही जाती जुन्या कवचावरचा साज उतरवून नव्यावर चढवतात.

ऑक्टोपस आपलं लपणं सोबत घेऊन फिरतो. या खेकड्याला ते आजूबाजूने उसनं मिळतं. शेजारी स्पंज असेल तर त्याच्या पाठीवर स्पंज. समुद्री जीवांच्या वेषांतराबद्दल बोलताना आपण त्यांच्या अंगाचं कौतुक करतो, पण त्या अंगामागचा तळ जसा होता तसा राहिला तरच ते वेषांतर आहे. गाळाने माखलेल्या, एकरंगी झालेल्या तळावर स्पंज पाठीवर घेतलेला खेकडा उघडा पडतो. या आखातातून एकेकाळी सिमेंटसाठी प्रवाळवाळू उपसली गेली आहे. तिवरं तुटली की त्यांच्या मुळांनी धरलेला गाळ मोकळा होतो आणि प्रवाळांवर बसतो. प्रवाळ पुन्हा वाढवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०२० मध्ये मिठापूरच्या किनाऱ्याजवळ झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने समुद्रात लोखंडी सांगाडा उतरवून त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडला. पाण्यातला चुना त्यावर जमतो आणि तिथे लावलेले प्रवाळाचे तुकडे जोमाने धरतात. मला यात आशा वाटते ती प्रवाळांइतकीच त्यांच्या फटींत दडणाऱ्यांसाठी.

पलीकडे एका मोठ्या घोळक्यात कुणी तरी फुगलेला केंड मासा हातात धरून फोटो काढून घेत होतं. केंड फुगतो तो लपणं फसल्यावर, जिवाच्या भीतीने. हे थांबायला हवं. आमच्या वाटाड्याने खेकड्यावरचा दगड होता तसाच परत ठेवला होता: शेवाळाची बाजू वर, स्पंजाची खाली. दगड उलटा राहिला तर खालचा स्पंज उन्हात सुकतो, वरचं शेवाळ अंधारात मरतं आणि त्यांच्या आडोशाने राहणाऱ्याला आसरा उरत नाही. परतीच्या वाटेवर असे उलटे पडलेले दगड जागोजाग होते. पाणी वळलं होतं, तिवरांपर्यंत वेळेत पोचायचं होतं, तरी तो प्रत्येक दगडापाशी वाकत होता. ओली, पांढुरकी, स्पंज चिकटलेली बाजू कशी ओळखायची ते त्याने मला दाखवलं, आणि पाणी घोट्याला लागेपर्यंत आम्ही दोघांनी जमतील तेवढे दगड सुलटे केले.