चौसष्ट चिंचोके

गेल्या हिवाळ्यात आमची दादी अल्लाहला प्यारी झाली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३२ होती, पण ती कार्ड काढणाऱ्या पोराने अंदाजाने टाकलेली. दादीचा हिशेब वेगळा होता. पोलीस अॅक्शनच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९४८ला, मोठी फुफी तिच्या पोटात होती आणि लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्यावरून नव्वदी तिने केव्हाच ओलांडली होती.

शेंद्रा म्हटलं की आता लोकांना औद्योगिक वसाहत आठवते. मोटारींचा कारखाना, रुंद रस्ते, ऑरिकची मोठी इमारत. दादी नवरी होऊन आली तेव्हा ते ज्वारी-बाजरीचं गाव होतं. राज्य निजामाचं, नाणं हाली सिक्का. रुपयाचे सोळा आणे तिच्या डोक्यात असे पक्के बसले की पुढे नवे पैसे आले, नोटा बदलल्या, तरी वाटणीची गोष्ट निघाली की ती आण्यातच बोलायची.

तिला लिहिता येत नव्हतं. कुरआन मात्र नाजरा येत होतं, माहेरी उस्तानीबीने शिकवलेलं. फजरनंतर रेहल पुढे घेऊन, काडी तुटलेला चष्मा दोऱ्याने कानाला बांधून ती तिलावत करायची आणि संपली की त्याच आवाजात कोंबड्यांना शिव्या. लग्नघरी ढोलक तिच्याच हातात. अजान झाली की ढोलक आडवी ठेवायची, डोक्यावर पदर घ्यायची, नमाज झाली की पुन्हा सुरू. बाहेरगावी शिकून आलेला एक पुतण्या म्हणाला, "हे बरोबर नाही." ती म्हणाली, "तू मत सुन, बाहर जाके बैठ." तो बाहेर बसला आणि तिथूनच ऐकत राहिला.

चैत्रात गावात मांगीरबाबाची यात्रा भरते. लांबून माणसं येतात, ऊन नुसतं भाजून काढतं. दादी यात्रेच्या दिवसांत दारात रांजण भरून ठेवायची. त्यावरूनही कुणी तरी बोललंच. तिचं उत्तर एवढंच: "पानी मेरा, यात्रा उनकी."

१९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. दादाजींना दम्याचा त्रास, घरात पाच पोरं. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरात आला. रोजा धरून दिवसभर हातोडा चालवायचा आणि संध्याकाळी मिलोच्या लाल भाकरीने इफ्तार करायचा. सुकडी मिळाली तर ती पोरांना. मुकादम हजेरी पत्रकात बायकांचे दिवस कमी लावायचा. दादीने पदराला रोज एक गाठ मारायला सुरुवात केली. पगाराच्या दिवशी पदर त्याच्यासमोर धरला आणि सगळ्या बायकांसमोर मोजायला लावला. अकरा गाठी, पत्रकात आठ. तीन दिवसांचे पैसे मिळाले, सगळ्याच बायकांना मिळाले. ही गोष्ट तिने मला कितीदा सांगितली असेल. दरवेळी शेवटी म्हणायची, नमाज राहिली तर अल्लाहकडे रडता येतं. बंद्याचा हक राहिला तर ज्याचा त्यालाच द्यावा लागतो.

मला ते तेव्हा नुसतं ऐकायला आवडायचं.

नव्वदच्या दशकात वसाहतीसाठी जमिनी गेल्या, आमचीही गेली. दादाजी तोपर्यंत वारले होते. मोबदल्याची रक्कम आमच्या घराने कधी बघितली नव्हती एवढी होती. अब्बा आणि दोन्ही चाचांनी ठरवून हक्कसोडपत्र करून आणलं. दोन्ही फुफींना जेवायला बोलावलं, साड्या घेतल्या. गावात सगळ्यांकडे हीच रीत होती आणि आहे. पाटलाच्या घरी तीच, आमच्याही घरी तीच. बहिणीने सही करायची, भावाने साडी द्यायची, माहेरचं दार उघडं राहतं.

दादी म्हणाली, "कागद पढो."

मी नववीत होते. घरात मराठी सफाईने वाचणारी मीच, म्हणून मीच वाचला. "स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना" या शब्दांवर तिने हात वर केला. मोठ्या फुफीकडे बघून विचारलं, "खुशीसे?" फुफी नव्या साडीच्या खोक्याचा कोपरा सोलत बसली. धाकटी म्हणाली, "अम्मा, हमने माफ किए." त्यावर दादीने जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं: "हात में आया नई सो चीज माफ कैसी करते? पहले लेव. रात भर सिरहाने रखो. सुबह दिल बोला तो देव."

मग तिने चिंचोक्यांचं गाडगं आणायला सांगितलं. चौसष्ट मोजून सतरंजीवर मांडले. बेवा म्हणून तिचा आठवा हिस्सा, आठ चिंचोके, तिने स्वतःकडे ओढले. उरलेल्या छप्पनातले एकेका मुलाला चौदा, एकेका मुलीला सात. चार चिंचोक्यांचा एक आणा. तिचे दोन आणे, मुलांचे साडेतीन-साडेतीन, मुलींचे पावणेदोन-पावणेदोन. बरोबर सोळा. सूरह निसामधल्या वाटणीच्या आयतींचा हिशेब आमच्या घरात असा पहिल्यांदा जमिनीवर मांडला गेला. नंतर कळलं की आठ दिवस आधी ती करमाडच्या बाजाराचं निमित्त करून एका मौलवींना सगळं विचारून आली होती आणि तेव्हापासून रात्री एकटीच चिंचोके मांडून बघत होती.

अब्बा रागाने उठून गेले. मोठे चाचा सहा महिने तिच्याशी बोलले नाहीत, ईदला सलाम करायलाही आले नाहीत. ती दर जुम्माला त्यांच्या घरी सालनाचं पातेलं पाठवत राहिली आणि ते रिकामं परत येत राहिलं. मोठ्या फुफीने पैशातून दोन पक्क्या खोल्या बांधल्या. धाकटीने खरंच रात्रभर पैसे उशाशी ठेवले आणि सकाळी त्यातले काही धाकट्या चाचाला दुकानासाठी दिले. दादी त्यावर काही बोलली नाही.

अब्बा २०१५ मध्ये गेले. मी तेव्हा लग्न होऊन जालन्यात, शाळेत शिकवत होते. गावातलं घर आणि उरलेली थोडी जमीन होती. भावांनी कागद करून आणला. अम्मीची सही, माझी सही आणि आई म्हणून दादीचीही, कारण मुलाच्या मालमत्तेत तिचा सहावा हिस्सा होता. दादी पुन्हा म्हणाली, "पढो." पुन्हा मीच वाचला. वाक्यं तीच होती, या वेळी त्यात माझं नाव होतं.

तिने माझ्याकडे बघून विचारलं, "खुशीसे?"

मी म्हणाले, "हौ दादी."

भावांनी माझ्या शिक्षणाला पैसे दिले होते. अम्मी त्यांच्याकडेच राहत होती. शिवाय उद्या सासरी काही झालं तर जायचं कुठे? हे सगळं डोक्यात होतं, तिला काहीच सांगितलं नाही. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तेरा हात है, बाबा," आणि स्वतः मात्र अंगठा द्यायला साफ नकार दिला. आपला सहावा हिस्सा घेतला. त्यातून एका नातीच्या नर्सिंगची फी भरली, बाकीचे आजारपणात गेले. मला त्यावरून ती कधीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दफन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, मी दोन्ही भावांना सांगितलं की त्या दिवशी मी दादीशी खोटं बोलले. खुशीने सही केली नव्हती. धाकटा मान खाली घालून बसला. थोरला बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "कितना होता तेरा?"

मी हिशेब करून ठेवला होता. अम्मीचा आठवा, दादीचा सहावा, उरलेलं भावांना दुप्पट आणि मला एकपट. चौसष्टात ते बसत नाही, एकशेवीस चिंचोके लागतात. अम्मीचे पंधरा, दादीचे वीस, भावांचे चौतीस-चौतीस.

"सतरा," मी म्हणाले.

थोरल्याने ते मनातल्या मनात पुन्हा मोजलं, ओठ हलत होते. मग म्हणाला, रमजाननंतर बसू. धाकट्याची बायको चहा घेऊन आली.