पालिओ, आई आणि पुढचे दोन शॉकअप

स्पोर्ट्स कार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल फेरारी, बरोबर? माझ्या डोळ्यांसमोर येते 2002 सालची फियाट पालिओ, 1.6 लिटरची. हसू नका! ती ज्यांनी चालवलीय त्यांना विचारा. घरगुती छोट्या गाडीत शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन बसवायचा आचरटपणा फियाटने तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यात केला होता आणि जाहिरातीला थेट सचिनला उभं केलं होतं. त्याच्या सहीच्या 'एस टेन' गाड्या फक्त 500 निघाल्या. माझी त्यातली नाही, साधी आहे. पण तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की तिला हे माहीत नसतं. खरीखुरी दोन सीटची देशी स्पोर्ट्स कार म्हणाल तर ती गोव्यात बनायची, सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनोचं इंजिन. पण तिच्यात आईची पिशवी, लोणच्याच्या दोन बरण्या आणि कमोडची खुर्ची कुठे ठेवली असती?

तर, आई.

आई कळंबला एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी केली, त्यामुळे अर्धं गाव तिला 'बाई' म्हणतं. दिवाळीनंतर तिच्या मणक्याचं ऑपरेशन लातूरला झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने वाकायचं नाही, एकटं राहायचं नाही, प्रवासात धक्के नकोत. म्हणजे आमच्याकडे पुण्याला यायचं. आई 'बघू' म्हणाली. वर्गात सहलीचा विषय निघाला की ती ज्या सुरात 'बघू' म्हणायची, अगदी त्याच सुरात. ते 'बघू' ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे की सहल कधीच निघाली नाही.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर हिंजवडीतून निघालो. बायको म्हणत होती, टॅक्सी कर. तिचं या गाडीशी जुनं भांडण आहे. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं आणि त्याची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून एकदम 5000 झाली, हे तिला तोंडपाठ आहे. पण टॅक्सीच्या मागच्या सीटवर आईला अडीचशे किलोमीटर कोंबण्यापेक्षा पालिओची पुढची सीट मागे पाडून तिला आरामात आणावं, असा माझा हिशोब होता.

टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शीपर्यंत ठीक होतं. बार्शी सोडून येरमाळ्याच्या रस्त्याला लागलो आणि डाव्या चाकातून 'ठक्' ऐकू आलं. मग प्रत्येक खड्ड्याला ठक्. उसाचा हंगाम, समोर टेललाइट नसलेली ट्रॉली. ब्रेक मारला तर गाडीने नाकच खाली घातलं, बैल शिंगं रोखतो तसं. थांबली, पण नेहमीपेक्षा बरीच पुढे जाऊन.

सकाळी आईने गाडी पाहिली आणि म्हणाली, "ही दुरुस्त होईपर्यंत मी बसणार नाही हं हिच्यात." चेहऱ्यावर काळजी होती. थोडा आनंदही होता, मला दिसला!

मिस्त्री आईचा विद्यार्थी निघाला. रोजचं काम रांजणीच्या साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरचं आणि जिपांचं. त्याने पाना उचललाच नाही. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडला. चांगल्या गाडीने एकदा वर येऊन गप्प बसायला हवं. आमची तीन-चारदा डुलली. मग तो खाली वाकला, चाकामागे बोट फिरवलं आणि काळं तेल मला दाखवलं. "बाई, गाडी लई भारी हाय, पर पुढचे शॉकअप गेल्यात."

'शॉक अॅब्सॉर्बर' हे नाव जरा फसवं आहे, हे मला त्या दिवशी ओट्यावर बसून नीट कळलं. धक्का झेलते ती स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते, मग उसळते, पुन्हा दबते, आणि तिला मोकळं सोडलं तर हेच करत राहील. शॉकअपचं काम तिला आवरायचं. नळकांड्यातला दांडा खालीवर होतो, आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि ती सगळी उसळी त्या तेलात उष्णता होऊन जिरते. तेल गळालं की स्प्रिंग मोकाट. मग चाक रस्त्याला चिकटून राहत नाही, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजतो आणि ब्रेक कितीही चांगले असले तरी गाडी उशिरा थांबते. म्हणजे प्रश्न आईच्या मणक्याला बसणाऱ्या धक्क्यांपुरता नव्हता. त्या ट्रॉलीमागे आई माझ्या शेजारी असती तर, हा होता.

"डावाच गळतोय ना?" मी विचारलं.

"दोन्ही बदलायचे. एक नवा एक जुना टाकला तर गाडी लंगडी चालंल."

आई लगेच म्हणाली, "दोन्ही? म्हणजे वेळ लागेल."

आता पार्ट. पुण्या-मुंबईच्या आसपास शॉक अॅब्सॉर्बर काही कमी बनत नाहीत. गॅब्रिएल 1961 मध्ये मुलुंडला सुरू झाली, आज चाकण आणि नाशिकलाही कारखाने आहेत. पण फियाटने 2019 मध्ये भारतातल्या आपल्या गाड्या बंद केल्या, आणि पालिओ तर त्याच्याही कितीतरी आधी गेलेली. शेवटी पुण्यातल्या मित्राने शनिवारी अख्खी नाना पेठ पालथी घातली, साडेपाच हजारांना जोडी मिळवली आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिली. आई दर तासाला विचारायची, "निघालं का रे पार्सल?" मध्येच शेजारच्या काकूंना तुळशीला पाणी किती घालायचं ते समजावून सांगायची. कपाटाच्या किल्ल्या तीनदा मोजल्या. रात्री म्हणाली, "रविवारी कुणी काम करत नाही."

मिस्त्रीने रविवारी काम केलं. बाईंची गाडी ना!

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग घोडी. ब्रेकचा पाइप क्लिपमधून सोडवला. खालच्या दोन बोल्टांवर आधी खडूने खूण, म्हणजे परत बसवताना चाकाचा कोन फार हलणार नाही. बोल्ट गंजलेले, त्यांना रात्रीच डिझेल पाजून ठेवलं होतं. शेवटी बॉनेटखालचे नट काढले आणि अख्खा खांब स्प्रिंगसकट हातात आला.

यानंतरच्या कामाला मी हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. स्प्रिंग दाबलेली असते आणि मधला नट नीट न आवळता सोडला तर ती गोळीसारखी सुटते. मिस्त्रीने समोरासमोर दोन क्लॅम्प लावले, एकदा इकडे दोन आटे, एकदा तिकडे दोन आटे, असं सावकाश आवळत नेलं. मला म्हणाला, "समोर उभं राहू नको, बाजूला सर." नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबला-ओढला, आतली हवा निघावी म्हणून. रबरी बूट आणि वरचं बेअरिंग नवंच टाकलं. उजव्या बाजूला अर्धा वेळसुद्धा लागला नाही.

मग त्याने आईला हाक मारली. "बाई, बसा जरा. वजन टाकून बघू."

ती नाही म्हणूच शकली नाही, विद्यार्थी बोलावत होता. मांजरेच्या पुलापर्यंत गेलो आणि आलो. मध्ये दोन गतिरोधक. पहिल्याला आईने दाराचं हँडल घट्ट धरलं. दुसऱ्याला धरायचं विसरली. घरी आल्यावर काहीच बोलली नाही, आत जाऊन बॅग भरायला घेतली. मला वाईट वाटलं, खरंच.

मिस्त्री मजुरी घेईना. आईने हट्टाने बिल लिहायला लावलं, त्यातल्या 'शॉकप'खाली लाल पेनाने रेघ मारली आणि पैसे त्याच्या खिशात कोंबले.

सोमवारी सहाला निघालो. येरमाळ्याला तिने गाडीतूनच येडेश्वरीच्या डोंगराकडे हात जोडले. गाडी किंचित उजवीकडे ओढत होती. शॉकअप बदलले की अलाइनमेंट करावीच लागते, ती बार्शीला केली. तिथे अर्धा तास गेला. तेवढ्यात आईने माझ्या फोनवरून मिस्त्रीला फोन लावला.

"अरे, ओढत होती थोडी. आता सरळ आहे. आणि मागचे दोन? त्यांचं आयुष्य किती?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "तीन महिन्यांनी बघ मग ते. मी येतेच आहे गाडी घेऊन."