दयेच्या अर्जाची फाईल

सरकारी फाईलला दोन बाजू असतात. एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिपणी. निर्णय होतो टिपणीवर आणि खालच्या टेबलावरचे वाक्य बऱ्याचदा जसेच्या तसे वरपर्यंत जाते. रेशनकार्डाच्या टिपणीत चूक राहिली तर माणूस पुन्हा अर्ज करतो. फाशीच्या कैद्याने काय करावे?

घटनेच्या ७२ व्या कलमाखाली तो राष्ट्रपतींकडे दया मागतो. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात आणि तो सल्ला काय होता हे कोर्टाला विचारता येत नाही, असे ७४(२) कलम सांगते. म्हणजे आपल्याविषयी गृहखात्याने काय लिहिले ते न बघताच कैद्याने अर्ज लिहायचा.

हाच प्रश्न जमैकाच्या फाशीच्या कैद्यांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे नेला. दया ही कृपा आहे, हक्क नव्हे, असे तिथे आधी मानले जाई. २००० साली लुईस खटल्यात कौन्सिलने ठरवले की दयेचा विचार करणाऱ्यांपुढे जे कागद ठेवले जातात, ते कैद्यालाही दाखवावेत आणि त्यावर त्याला बोलू द्यावे.

आपल्याकडे २०१४ साली शत्रुघ्न चौहान खटल्यात सुप्रीम कोर्टाने पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. फाशीचे बहुतेक कैदी गरीब, त्यांच्याजवळ स्वतःच्या निकालाची प्रतही नसते, हे कोर्टाने नोंदवले आणि तुरुंगाने आठवड्याभरात कागद द्यावेत असे सांगितले. मोठी गोष्ट. पण हे निकालपत्रासारखे कागद झाले. गृहखात्याची टिपणी बंदच राहिली. १९९४ च्या बोम्मई निकालाने सल्ल्यामागची सामग्री कोर्टाला पाहता येते असे म्हटले होते. आता २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेचे ४७२ वे कलम म्हणते, दयेचा निर्णय कसा झाला याची कोर्टाने चौकशीच करू नये.

गुप्तता नसेल तर अधिकारी मोकळेपणाने लिहिणार नाहीत, असे सांगतात. मताबद्दल ते मी मान्य करीन. पण कैद्याचे तुरुंगातले वर्तन, वेडाचा डॉक्टरी अहवाल, कोठडीत गेलेली वर्षे ही मते नव्हेत. ती माहिती आहे आणि माहिती चुकीची असू शकते. ती चूक ओळखू शकेल असा माणूस बहुधा एकच असतो, तो कैदी. सल्ला खुशाल झाकून ठेवा, पण माहितीचे कागद त्याला द्या.

गोव्याने माहिती हक्काचा कायदा १९९७ सालीच केला, देशाच्या कायद्याच्या आठ वर्षे आधी. रस्त्याच्या बिलाची प्रत मागणाऱ्या आपल्याला ही मागणी फार मोठी वाटू नये.