शून्य मांडताना

समुद्री जीवशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांच्या मनात देवमासा असतो, प्रवाळ असतं, गेला बाजार एखादं कासव तरी असतंच. हातात येते ती अर्ध्या मीटरची लोखंडी चौकट. ती खडपावर ठेवायची, तिच्या आत जे जे जिवंत सापडेल ते मोजायचं, पेन्सिलीने लिहायचं (शाई खाऱ्या पाण्यात टिकत नाही) आणि चौकट उचलून दोरीने आखलेल्या रेषेवर पुढे सरकायचं. तिथे काही सापडलंच नाही, तर नवखा विद्यार्थी वहीतली ओळ कोरी सोडतो. आमच्याकडे कोरी ओळ चालत नसे. कोरी जागा म्हणजे पाहिलंच नाही. शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सगळ्या शिक्षणातून काय उरलं असं कुणी विचारलं, तर मी हाच फरक सांगेन.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर शिकायचं म्हणजे कॉलेजच्या वेळापत्रकाआधी भिंतीवरचं कालनिर्णय पाहायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र जितका वर चढतो तितकाच खाली उतरतो, आणि एरवी न दिसणारा खडक तेव्हाच उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. ते दिवस प्रयोगशाळेचे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर तर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली जाते आहे. पण बंदरावरच्या माणसाचं काम तिथीच्या पाऊणपटीवर भागतं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तिनाच्या सुमाराला भरती. अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या आसपास. आम्ही त्या हिशेबाने टॉर्च घेऊन निघायचो. दहा-वीस मिनिटं इकडे तिकडे होतात, पण तेवढी तर एसटीही होते.

उजाडताना ओहोटीचा खडक वरून खाली वाचत जायचा. सगळ्यात वर, जिथे लाटेचे शिंतोडेच काय ते पोचतात, तिथे मसुराएवढे शंख भेगेत दाटीने बसलेले. त्याखाली बार्नॅकलचा खरखरीत पांढरा थर. मग कालवं, पाय कापणारी. आणखी खाली ओलसर हिरवं शेवाळ, शेवटी पाण्याच्या कडेला तपकिरी सरगॅसमचे झुबके. कुणी किती ऊन सोसायचं आणि कुणी कुणाच्या तोंडी पडायचं, यावर प्रत्येकाची पायरी ठरलेली. बार्नॅकल दिसायला दगडावरची खरूज, पण तो कोळंबीचा भाऊबंद. लहानपणी पाण्यात पोहतो, मग एकदा जागा पसंत केली की डोक्याने खडकाला चिकटतो आणि उरलेला जन्म पाय झाडून अन्न तोंडात ओढतो. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच प्राण्यांपायी घालवली. उत्क्रांतीचा आराखडा त्याच्या खणात तयार पडलेला असताना हा गृहस्थ बार्नॅकल चिरत बसला होता. मला त्याच्या जगप्रसिद्ध ग्रंथापेक्षा ही आठ वर्षं जास्त आपली वाटतात.

खडपाचं काम संपलं की मिरकरवाडा बंदर. लाकडी पट्टीवर बांगडा ठेवून लांबी घ्यायची, वजन करायचं, पोट फाडून नर-मादी पाहायचं, गाभोळीची वाढ कुठवर आली ते लिहायचं. मग जठर. त्याची प्रतवारी ठरलेली: रिकामं, पाव, अर्धं, पाऊण, भरलेलं, गच्च. पंगतीतल्या पाहुण्याची विचारपूस करावी तशी. बंदरावर मासे निवडणारी एक मावशी रोज आमच्याकडे बघून हसायची. एकदा तिने विचारलंच, "काय गो बाय, रिकाम्या पोटाचं काय लिवतंस?" मी म्हटलं, "रिकामं आहे असं लिहिते, मावशी." तिला ते पटलं नाही, पण मासळी कमी आली की ती स्वतःहून हाक मारून सांगायची, "आज काय नाय, लिव तुझ्या वहीत."

माशाचं वय काढायला त्याच्या कानातले खडे काढतात. घोळ, ढोमा या जातींत ते चांगले मोठे असतात. थंड समुद्रातल्या माशांच्या खड्यावर उन्हाळा-हिवाळ्याची वलयं उमटतात, झाडाच्या बुंध्यावर असतात तशी. आपल्या उबदार पाण्यात ती पुसट. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांनी एकच खडा पाहावा आणि दोन वयं सांगावीत, हे नेहमीचं. म्हणून एकाने वाचलेलं दुसऱ्याला न सांगता पुन्हा वाचून घ्यायचं. कंटाळवाणं काम. विज्ञानाचा बराचसा भाग असाच कंटाळवाणा असतो आणि तो वगळून सांगितलेल्या विज्ञानकथांवर माझा फारसा विश्वास नाही.

शून्याची खरी ओळख मात्र पुढे गोव्याला झाली, पाण्याच्या बाटलीत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलरची रीत १८८८ सालची. खोलीवरचं पाणी निस्किन बाटलीने वर आणायचं आणि प्राणवायूचा नमुना सगळ्यांत आधी भरायचा. रबरी नळी छोट्या काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी काठावरून वाहू द्यायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीजचं द्रावण, त्यामागून अल्कली आयोडाइड. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर काथ्यासारखा तपकिरी साका तळाशी बसतो. नंतर आम्ल घालून तो विरघळवायचा, स्टार्चचे थेंब टाकले की गर्द निळा रंग येतो आणि वरून थायोसल्फेट थेंब थेंब सोडत तो निळा नाहीसा होईपर्यंत मोजायचं. शेवटचा थेंब ओळखायला हात बसावा लागतो.

पावसाळ्याच्या अखेरीला होडी किनाऱ्यापासून थोडी बाहेर गेली, की वरच्या पाण्याची बाटली तपकिरी होते आणि तळच्या पाण्याची पांढरी. दुधासारखी पांढरी. मँगनीजला पकडायला प्राणवायूच मिळालेला नसतो. अरबी समुद्राच्या पोटात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्याचा जाड थर कायमच असतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचं थंड, प्राणवायूला पारखं झालेलं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात चढतं. वरती पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसलेलं, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. वरून मेलेले प्लवक खाली बसत राहतात, कुजतात, आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात कधी तर बाटली उघडताच सडक्या अंड्याचा वास येतो: हायड्रोजन सल्फाइड. वारे फिरले की हे पाणी मागे सरतं आणि डिसेंबरात तीच जागा, तीच बाटली, पुन्हा तपकिरी.

दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोर एका ठरावीक जागी ही मोजणी चालवली. संस्थेतल्या डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की किनाऱ्यालगतची ही प्राणवायूची टंचाई तीव्र होत चालली आहे आणि तिच्यातून नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीचा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. हे एका फेरीतून कळलं नसतं. पांढरी बाटली एकदा दिसणं म्हणजे नुसतं नवल. ती दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवर दिसते की नाही, आणि किती दिवस दिसते, हे सांगता आलं तरच ते ज्ञान.

इथेच आपलं घोडं पेंड खातं. पीएचडीचा प्रबंध चार-पाच वर्षांत उरकतो, प्रकल्पाचा निधी तीन वर्षांत संपतो, विद्यार्थी नोकरीला लागतो आणि चौकट कुठल्यातरी कपाटामागे गंजते. नवी प्रजाती सापडली तर वर्तमानपत्रात फोटो येतो. अमुक खडपावर पूर्वी होती ती कालवं आज नाहीत, हे सांगायला मात्र 'पूर्वी'ची वही लागते, आणि बहुतेक खडपांपुरती ती नाही. मला विचाराल तर प्रत्येक किनारी महाविद्यालयाने आपल्या जवळचा एक खडप दत्तक घ्यावा आणि दर अमावास्येला तो मोजावा. खर्च काय, तर चौकट, दोरी, वही आणि एसटीचं भाडं.

तुम्हीही ओहोटीला खडपावर जाल. दगड उलटून पाहायचा मोह होईलच, जरूर पाहा. पण हात ओला करून हळूच उलटा आणि पुन्हा होता तसाच, त्याच बाजूने ठेवा. खालचे जीव उन्हात मरतात आणि वरचं शेवाळ अंधारात. जे दिसलं ते तारीख, तिथी आणि जागेसकट टिपून ठेवा. काहीच दिसलं नाही, तर शून्य लिहा.