टाकलेला चुना

वाडे, तटबंदी आणि बांधीव विहिरी ज्याच्या बळावर उभ्या राहिल्या, तो चुना आपल्या नित्याच्या बोलण्यात आता उरला आहे तो बहुधा पानाच्या डब्यात आणि 'चुना लावणे' या वाक्प्रचारात. आमच्या लहानपणी घराजवळच्या वेल्डिंगच्या दुकानातून राखाडी, उग्र वासाचा गाळ गटाराकाठी ओतला जाई. गल्लीत त्याचे नावच 'कार्बाइडची घाण' असे पडले होते. वस्तुतः तो गाळ म्हणजे मुख्यतः विरलेला चुना.

कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघून जातो आणि चुना मागे राहतो. ६४ किलो शुद्ध कार्बाइडपासून २६ किलो वायू आणि ७४ किलो चुना, असा हा हिशेब आहे. म्हणजे ज्याला आपण माल म्हणतो त्याच्या जवळजवळ तिप्पट वजनाचा 'कचरा'!

हाच चुना औष्णिक वीजकेंद्रांतील राखेत मिसळून, साच्यात दाबून विटा पाडता येतात. राखेतील सिलिका व ॲल्युमिना ओलाव्यात चुन्याशी संयोग पावतात आणि वीट हळूहळू घट्ट होते. तिला भट्टी लागत नाही, की शेतातली मातीही लागत नाही. जुने गवंडी चुन्यात विटांची भुकटी घालीत, त्यामागचे तत्त्व हेच. शिवाय नवा चुना करायचा तर १०० किलो चुनखडी भाजताना ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या गाळासाठी ती किंमत आधीच मोजून झालेली असते.

मात्र हा चुना फार काळ वाट पाहत नाही. उघड्यावर पडला की तो हवेतला तोच वायू शोषून पुन्हा चुनखडीसारखा निष्क्रिय होतो, आणि मग राखेशी त्याचे जुळत नाही. पावसात त्यातून झिरपणारे दाहक पाणी आसपासची माती बिघडवते, ते वेगळेच. म्हणून तो झाकून किंवा पाण्याखाली साठवावा लागतो. त्यातील ओलावा आणि अशुद्धी दर खेपेस तपासाव्या लागतात.

'टाकाऊतून टिकाऊ' हे आपले आवडते घोषवाक्य. पण त्यात वस्तू आधीच टाकाऊ ठरलेली असते. चुन्याच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे, असे आम्हांस वाटते. आधी त्याला घाण हे नाव पडते, त्या नावामुळे तो उघड्यावर टाकला जातो, आणि काही काळाने तो खरोखरच त्या नावाला जागतो.