दादरा सुटलेली बरणी

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या कुठल्याही दुकानात शिरा, आधी डोळ्यांत भरतात ती झुंबरं, भोंग्याचे ग्रामोफोन आणि जुन्या सिनेमांची पोस्टरं. बरणी बघायला मात्र खाली वाकावं लागतं. एखाद्या शिसवी टेबलाच्या पायाशी ती बसलेली असते. वर चॉकलेटी, खाली सायीच्या रंगाची, खांद्यात रुंद, मानेत आखूड, आणि डोक्यावर झाकण बहुधा नाहीच. दुकानदार तिला ‘अँटिक’ म्हणतो. तिला स्वतःला ते पटलेलं दिसत नाही.

चिनी मातीची म्हणतात खरी, पण कपबशीच्या नाजूक कुळातली ही नव्हे. १२०० अंशांच्या आसपासच्या आचेत तिची माती अशी घट्ट होते, की पाणी, मीठ, आंबट, कशालाच आत शिरकाव नाही. पितळेला कल्हई लागते, लोखंड गंजतं; हिचं असलं काही मागणं नाही. सौराष्ट्रातल्या थानगढचा चिनी मातीच्या भांड्यांचा धंदा १९१३च्या सुमारास परशुराम गणपुले या मराठी माणसाने सुरू केला, हे तिच्या जुन्या ओळखीच्यांनाही सहसा ठाऊक नसतं.

घरात तिचा तोरा होता. कैऱ्या उतरायच्या आधी तिला धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचं. मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर उपडी धरायचं. धुरी पोटभर घेतल्यावरच लोणचं आत. वर झाकण, त्यावर पांढरा दादरा सुतळीने आवळलेला. ओला डाव तिला खपत नसे. पोरांचे हात तर नाहीच. पुढे घरं लहान झाली, वर्षाचं लोणचं पाव किलोच्या पाकिटावर आलं. ती आधी माळ्यावर गेली आणि माळा आवरताना भंगारवाल्याकडे.

आता दुकानात तिच्याशी ओळख करून घ्यायची रीत. बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर अंगाने धड. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, दिसो वा न दिसो. मग आडवी करून तळ पाहा. तळाचं कडं खरखरीत, बिनझिलईचं असतं. नशीब असेल तर तिथे पॉटरीचा शिक्काही सापडतो. चॉकलेटी रंग सायीवर उतरतो त्या रेषेवरून अंगठा फिरवा. तिथे एखादा ओघळ भट्टीतच थिजलेला लागतो. माझा सगळा आनंद त्या ओघळाचा आहे. सुबक, एकसारखी बरणी मी सहसा खालीच ठेवतो. आत नाक घालून मोहरी-मेथीचा वास शोधणारेही भेटतात. त्यांची निराशा होते. लोणचं मुरतं, बरणी मुरत नाही!

हल्ली तिच्यात सुकलेली गवतं खोचतात, नाहीतर तळाला भोक पाडून दिव्याची वायर ओढतात. गवत मी एक वेळ समजू शकतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुठेही धड बरणी दिसली, तर घासाघीस बेताची करा आणि उचला. झाकणाऐवजी वाटी चालते, दादऱ्याला जुनं धोतर पुरतं. भोक मात्र पाडू नका.